एक रुपया, तीन पैलवान

हॉस्टेलच्या खोलीत कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'केओएफ ९७' सुरू असतो, आणि मध्येच आरोळी येते, "ए, चीटिंग करतो का बे!" तुमच्याकडेही हे होत असेल, तर एक सांगतो. हे भांडण तुमच्या जन्माआधीचं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

गेमचं पूर्ण नाव 'द किंग ऑफ फायटर्स ९७'. जपानमधल्या ओसाकाची एसएनके ही कंपनी १९९४ पासून दरवर्षी या मालिकेचा नवा भाग काढत होती. १९९७ चा भाग आपल्याकडच्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यांत असा काही बसला, की पुढची कित्येक वर्षं हललाच नाही. बाजूच्या मशीनवर 'मुस्तफा' असायचा (त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', पण ते कुणाला माहीत होतं?). मुस्तफा दोस्तांनी मिळून खेळायचा. 'केओएफ' मात्र दोस्तालाच हाणायला.

खान्देशातल्या माणसाला हा गेम कुस्तीच्या भाषेत सांगितला तर पटकन कळतो. तुम्ही तीन पैलवान निवडता. एक पडला की दुसरा उतरतो. जिंकलेला आखाड्यातच थांबतो, त्याला थोडा दम परत मिळतो. बटणं चारच: हलका ठोसा, हलकी लाथ, जोराचा ठोसा, जोराची लाथ. बाकी सगळं दांडीवर. दांडी समोरच्यापासून उलट दिशेला खेचली की तुमचा गडी अंग चोरतो, म्हणजे ब्लॉक. पण पायावर मारलं तर बसून अडवायचं आणि वरून उडी आली तर उभं राहून. नुसतं अडवत बसलात तर समोरचा जवळ येऊन सरळ उचलून आपटतो. तो उचलायला येतोय हे कळलं तर आधीच ठोसा घालायचा. आणि तुम्ही ठोसा घालणार हे त्यानं ओळखलं, तर तो अडवून उलटा मारतो. दगड-कागद-कात्रीच, फक्त सेकंदाला दोन-तीनदा.

१९९६ च्या भागात धावणं, लोळण घेऊन निसटणं आणि छोटी उडी आली होती. ही छोटी उडी म्हणजे गेमचा जीव. दांडी वर नुसती टिचकी मारून सोडायची. गडी इतक्या खालून येतो की बघून उभं राहायला वेळच मिळत नाही. '९७' नं त्यावर आणखी एक निवड दिली: अ‍ॅडव्हान्स्ड की एक्स्ट्रा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मारता मारता ताकद साठते, एक्स्ट्रामध्ये तीन बटणं दाबून उभं राहून ती भरावी लागते. भरत उभं राहायचं आणि समोरच्यानं बघत बसायचं? आमच्या गाळ्यात एक्स्ट्रा घेणाऱ्याला लोक हसायचे.

लागोपाठ फटके, ज्याला आपण कॉम्बो म्हणतो, तो मुळात कुणी ठरवून केलेला नाही. ओसाकाच्याच कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ चा. तो तयार होत असताना, मोटार फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, की वेळ अचूक साधली तर एका फटक्यात दुसरा घुसवता येतो. इतकं कुणाला जमणार नाही असं वाटून ती चूक तशीच ठेवली गेली. जमलं की हो सगळ्यांना!

आता चीटिंगचं. गाळ्याचे कायदे गेमपेक्षा कडक होते. उचलून आपटणं चीटिंग, कोपऱ्यात दाबून मारणं चीटिंग. खरं तर गेमनं दोन्हींवर तोड ठेवलेली आहे. समोरचा उचलतो त्याच क्षणी तुम्हीही तेच केलंत तर सुटता, आणि साठवलेल्या ताकदीतला एक तुकडा खर्चून ब्लॉकमधूनच लोळण घेता येते. पण '९७' मध्ये अशाही चुका राहून गेल्यात, की एकदा सापडलात की जीव संपेपर्यंत मार थांबत नाही. तिथं मात्र मी आजही गाळ्याच्या कायद्याच्या बाजूनं आहे. ज्याला तोडच नाही त्याला डाव कशाला म्हणायचं?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बारावीत असताना जळगावहून धुळ्याला, देवपुरात मावशीकडे गेलो होतो. परत निघताना एका गाळ्यात शिरलो. समोर माझ्याहून लहान, चहाच्या टपरीवर काम करणारा पोरगा इओरी घेऊन उभा. जिंकणारा त्याच नाण्यावर खेळत राहतो, नवं नाणं हरणाऱ्यानं टाकायचं. त्याचा एक रुपया गेला. माझे एसटीच्या तिकिटाचे सगळे गेले.

तो डोक्यावरून उडी मारायचा आणि पलीकडे जाता जाता पाठीमागे लाथ झाडायचा. मी दांडी जिवाच्या आकांतानं मागे खेचलेली, तरी लागायची. मी ओरडलो, "चीटिंग!" गाळेवाला काउंटरवरून म्हणाला, "तोड शिक ना भो, रडतो काय!" पोरगा हसून म्हणाला, "आते कसं वाटस?"

खिसा रिकामा आहे हे कळल्यावर मात्र तो हसायचा थांबला. त्यानंच गाळेवाल्याला मशीनची पेटी उघडायला लावली. तिकिटापुरती नाणी मोजून मिळाली, उधार म्हणून, एक रुपया जास्त नाही. मग त्यानं स्वतःचं नाणं टाकून दाखवलं: तो डोक्यावरून गेला की 'मागे' कुठं आहे तेच बदलतं, म्हणून दांडी उलट फिरवायची. पारोळ्याच्या अलीकडे कंडक्टर ती चिल्लर मोजत काय काय बोलला, ते इथं छापता येणार नाही.

दोन रविवारांनी उधारी फेडायला गेलो. शेवटचा गडी त्याचा, शेवटचा माझा. त्यानं उडी मारली, मी दांडी उलट फिरवली आणि अडलं! त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग. गाळेवाल्यानं नाणं परत दिलं नाही.