मोबाइलवरून थेट दृक्‌श्राव्य प्रक्षेपण : प्रक्रिया, मर्यादा आणि महाविद्यालयीन उपयोग

प्रस्तावना :

एखाद्या घटनेचे थेट प्रक्षेपण करावयाचे तर पूर्वी मोठे कॅमेरे, उपग्रहाशी संपर्क साधणारी ओबी व्हॅन आणि तंत्रज्ञांचा चमू आवश्यक असे. त्यामुळे हे कार्य दूरदर्शन अथवा मोठ्या वृत्तवाहिन्यांपुरतेच मर्यादित होते. आज तेच कार्य खिशातील मोबाइल फोन करतो. सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळा असो, पंढरपूरची आषाढी एकादशी असो किंवा महाविद्यालयातील एखादे व्याख्यान असो, ते त्याच वेळी दूरवरच्या व्यक्तीस दाखविणे सामान्य माणसालाही शक्य झाले आहे. मात्र या सुलभतेमुळे प्रक्षेपण प्रत्यक्षात कसे घडते, याचा विचार मागे पडतो. चित्र अडखळते, आवाज तुटतो, दोन तासांचा कार्यक्रम अर्ध्यावर बंद पडतो आणि सर्व दोष 'नेटवर्क' या एका शब्दावर जातो. त्याहून गंभीर बाब म्हणजे झालेले प्रक्षेपण पुढे कोठे व किती काळ राहते, याची चौकशी फारशी होत नाही.

प्रस्तुत लेखात या तंत्राची वाटचाल, त्याची कार्यपद्धती, गर्दीच्या ठिकाणी येणाऱ्या मर्यादा आणि महाविद्यालयांनी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे. थेट प्रक्षेपणाचे यश कॅमेऱ्यापेक्षा फोनपासून मनोऱ्यापर्यंतच्या वाटेवर अवलंबून असते आणि प्रक्षेपण म्हणजे जतन नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तंत्राची वाटचाल :

मोबाइलवरून थेट चित्र पाठविण्याचे प्रयत्न २००७-०८ च्या सुमारास सुरू झाले. क्विक आणि बॅम्बुझर यांसारख्या सेवांनी त्या वेळच्या नोकिया फोनवरून हे करून दाखविले. परंतु संथ जोडणीमुळे त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. २०१५ मध्ये मीरकॅट व पेरिस्कोप ही अॅप आली. २०१६ मध्ये फेसबुकने ही सोय सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी खुली केली आणि २०१७ मध्ये यूट्यूबने मोबाइलवरील थेट प्रक्षेपणाचा विस्तार केला. भारतात याच काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची फोर-जी सेवा सुरू झाली व डेटाचे दर झपाट्याने उतरले. साधन आणि स्वस्त डेटा एकाच सुमारास हाती आल्याने हे तंत्र खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले.

त्याची खरी गरज कोरोनाच्या काळात जाणवली. १ जुलै २०२० रोजी आलेल्या आषाढी एकादशीस पायी वारी होऊ शकली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका आदल्या दिवशी एस.टी. बसने पंढरपुरास आणण्यात आल्या आणि लाखो वारकऱ्यांना घरीच राहावे लागले. जानेवारी २०२१ ची सिद्धेश्वर यात्राही मर्यादित उपस्थितीत पार पडली. त्या दोन्ही प्रसंगी भाविकांसाठी पडदा हीच एक वाट उरली होती.

प्रक्षेपणाची प्रक्रिया :

फोनचा कॅमेरा एका सेकंदात साधारणतः ३० चित्रे टिपतो. १२८० गुणिले ७२० बिंदूंच्या चित्राचा विचार केल्यास ही कच्ची माहिती सेकंदाला सुमारे ३३० मेगाबिट इतकी भरते. एवढी माहिती मोबाइल जाळ्यातून सतत पाठविणे व्यवहार्य नाही. म्हणून फोनमधील एक विशेष चिप तिचे संक्षेपण करते. एका चित्रातून पुढील चित्रात जे बदलत नाही ते पुन्हा न पाठविता केवळ बदल पाठविणे, हे या संक्षेपणाचे मूलतत्त्व होय. व्यासपीठावर वक्ता उभा असताना मागील भिंत बदलत नाही, म्हणून तिची माहिती पुनःपुन्हा पाठवावी लागत नाही. याउलट मिरवणुकीत संपूर्ण चित्रच हलत असल्याने तेवढ्याच माहितीत ते धूसर दिसते. २००३ मध्ये मान्य झालेले एच.२६४ हे मानक या कामासाठी आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यामुळे ३३० मेगाबिटचा प्रवाह सुमारे अडीच मेगाबिटपर्यंत खाली येतो.

हा संक्षिप्त प्रवाह मोबाइल मनोऱ्यामार्फत सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तेथे त्याच्या उच्च, मध्यम व कमी दर्जाच्या आवृत्त्या तयार होतात, प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून ते प्रेक्षकांना पुरविले जातात. प्रेक्षकाची जोडणी मंदावली की त्याचा फोन कमी दर्जाचा तुकडा मागवितो. चित्र अस्पष्ट होते, पण थांबत नाही. प्रेक्षक शंभर असोत वा लाख, प्रक्षेपण करणाऱ्या फोनला एकच प्रवाह पाठवावा लागतो. वाटपाचा भार पुढे सर्व्हर उचलतात.

तुकडे करणे, साठविणे व पुरविणे या क्रियांमुळे प्रेक्षकास चित्र काही सेकंद, कधी अर्धा मिनिट उशिरा दिसते. क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातील जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या फोनवर गडी नंतर बाद होतो, त्याचे कारण हेच. व्हिडिओ कॉलमध्ये हा विलंब एका सेकंदाहून कमी राखला जातो, परंतु त्यात सहभागींची संख्या मर्यादित असते. म्हणून संवादासाठी व्हिडिओ कॉल आणि मोठ्या समुदायासाठी थेट प्रक्षेपण, असा विवेक करणे इष्ट ठरते.

गर्दी आणि अपलोडची मर्यादा :

आपण इंटरनेटचा वेग म्हणतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. प्रक्षेपणासाठी मात्र अपलोडचा वेग निर्णायक असतो. मोबाइल जाळ्याची रचना प्रामुख्याने पाहणाऱ्यांसाठी केलेली असल्याने तिच्या क्षमतेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. शिवाय मनोरा काही दशके वॅट शक्तीने संदेश पाठवितो, तर फोनची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट असते. त्यामुळे मनोऱ्याचा आवाज फोनला स्पष्ट ऐकू येतो, पण फोनचा आवाज मनोऱ्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. पडद्यावर सिग्नलच्या सर्व रेषा दिसत असूनही प्रक्षेपण अडखळते, ते यामुळेच.

सिद्धेश्वर यात्रेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांच्या दर्शनास निघते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि पुढे होम मैदानावर होमविधी पार पडतो. अक्षता सोहळ्याच्या वेळी प्रचंड जनसमुदाय थोड्याशा जागेत एकवटतो. अक्षता पडण्याच्या त्या क्षणी असंख्य हात फोन उंचावतात आणि अनेकांना एकाच वेळी चित्र पाठवावयाचे असते. त्या परिसरातील मनोऱ्यांची अपलोड क्षमता या सर्वांत वाटली जाते. म्हणजे जो क्षण दाखविण्यासारखा असतो, नेमक्या त्याच क्षणी वाट सर्वाधिक अरुंद होते. महागडा फोन घेऊन हा प्रश्न सुटत नाही. गर्दीपासून थोडे दूर, मोकळ्या उंच जागी उभे राहणे, जवळच्या इमारतीतील तारेच्या ब्रॉडबँडचा आधार घेणे किंवा चित्राचा दर्जा स्वतःहून कमी ठेवणे, हे उपाय अधिक फलदायी ठरतात.

शैक्षणिक उपयोग :

सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र घेऊन झाली. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. जिल्हा एकच असला तरी करमाळा, सांगोला, अक्कलकोट येथील विद्यार्थ्यास शहरातील व्याख्यानासाठी येणे सहज शक्य नसते. अशा विद्यार्थ्यांपर्यंत ज्ञान पोहोचविण्याचे हे अल्पखर्चिक साधन आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडबरोबरच थेट चित्रसंवादाद्वारे अन्य देशांतील विद्यार्थ्यांसोबत घडविलेल्या आभासी क्षेत्रभेटी हा त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा भाग होता. साधनापेक्षा त्यामागील शैक्षणिक योजना महत्त्वाची असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाविद्यालयांनी घ्यावयाची दक्षता :

१) पूर्वतपासणी : सभागृह रिकामे असताना नव्हे, तर श्रोते उपस्थित असताना अपलोडचा वेग तपासावा. ज्या दर्जाने प्रक्षेपण करावयाचे त्याच्या किमान दुप्पट वेग स्थिर मिळणे इष्ट होय.

२) डेटाचा हिशेब : अडीच मेगाबिट दराने एका तासास सुमारे १.१ जीबी डेटा लागतो. म्हणजे दररोज २ जीबी देणारी योजना दोन तासांच्या कार्यक्रमास पुरत नाही. बहुतेक योजनांत मर्यादा संपताच वेग ६४ किलोबिटपर्यंत उतरतो आणि प्रक्षेपण बंद पडते. एक मेगाबिट दर ठेवल्यास तेवढ्याच कालावधीस सुमारे ०.९ जीबी पुरतो. व्याख्यानासाठी हा दर्जा पुरेसा आहे.

३) ध्वनी : अस्पष्ट चित्र श्रोते सहन करतात, अस्पष्ट ध्वनी करीत नाहीत. म्हणून चांगला फोन घेण्याआधी वक्त्याजवळ ठेवावयाचा मायक्रोफोन घ्यावा.

४) खाते व उपकरण : यूट्यूबवर मोबाइलवरून प्रक्षेपणासाठी किमान ५० सदस्य असलेले पडताळणी झालेले चॅनेल लागते आणि प्रथमच परवानगी घेताना २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून खाते आयत्या वेळी उघडू नये. मध्येच कॉल येणार नाही अशी व्यवस्था करावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात थेट उन्हात ठेवलेला फोन तापून कॅमेरा बंद पडू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

५) गीते व संमती : स्नेहसंमेलनातील चित्रपटगीते स्वयंचलित यंत्रणा ओळखते आणि हक्कभंगाच्या कारणावरून प्रक्षेपण थांबवू शकते. तसेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी या वयोगटातील असतात. विशेषतः विद्यार्थिनींच्या बाबतीत, एकदा थेट गेलेले चित्र परत घेता येत नाही, ही जाणीव आयोजकांनी बाळगली पाहिजे.

जतनाचा प्रश्न :

प्रक्षेपण झाले म्हणजे नोंद झाली, असा एक समज आहे. तो धोकादायक आहे. पेरिस्कोप ही सेवा ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकने नवी थेट चित्रणे केवळ ३० दिवस ठेवण्याचे आणि जुनी चित्रणे पूर्वसूचना देऊन काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. कोरोनाकाळात अनेक संस्थांनी आपली व्याख्याने, स्मृतिदिन आणि चर्चासत्रे याच मार्गाने प्रसारित केली होती. ज्यांनी ती वेळीच उतरवून घेतली नाहीत त्यांच्यासाठी त्या काळाची नोंद गमावण्याचा प्रश्न उभा राहिला. आज हयात नसलेल्या एखाद्या वक्त्याचे अखेरचे व्याख्यानही त्यात असू शकते. ग्रंथालय अहवाल व नियतकालिके जपते, त्याच निष्ठेने ही चित्रणे जपणे आवश्यक आहे. प्रक्षेपणासोबत दुसऱ्या फोनवर स्वतंत्र चित्रण करावे. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून दिनांक, विषय व वक्त्याचे नाव यांसह ग्रंथालयात नोंद करावी. यासाठी मोठा खर्च लागत नाही, केवळ जबाबदारी निश्चित करावी लागते.

समारोप :

मोबाइलने प्रक्षेपणाचा अधिकार सर्वांच्या हाती दिला आहे. त्याबरोबर प्रक्षेपकाचे कर्तव्यही आले आहे. पाठविण्याची वाट आधी तपासणे, समोरच्या व्यक्तीची संमती घेणे आणि झालेले कार्य जपून ठेवणे ही त्या कर्तव्याची तीन अंगे होत. यांपैकी पहिले अंग तांत्रिक आहे व ते थोड्या सरावाने साध्य होते. उरलेली दोन शिक्षकाच्या विवेकावर अवलंबून आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने या कामासाठी एका प्राध्यापकाची व ग्रंथपालांची संयुक्त जबाबदारी निश्चित केल्यास आज दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारे व्याख्यान उद्याच्या अभ्यासकासही उपलब्ध राहील.