मुक्ताबाईंचा निबंध आणि हलणारी चित्रे

१८५५ साली 'ज्ञानोदय'ने सुमारे १४ वर्षांच्या मुक्ता साळवे यांचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध केला. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेच्या त्या विद्यार्थिनी. या निबंधावर वसतिगृहातील मुलामुलींकडून हाताने रेखाटलेले ॲनिमेशन करून घेण्याचे आम्ही योजिले.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काम करणारे बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, मिनिटाला ७२०. प्रथम हालचालीच्या आरंभाचे व शेवटाचे चित्र काढावयाचे, मग मधली भरावयाची. काचेखाली दिवा लावला की खालच्या कागदावरील रेघ वरच्या कागदावर उमटते. कागदांना एकाच मापाची भोके पाडून ते खुंट्यांत अडकवावे लागतात, नाहीतर माणूस चालण्याऐवजी थरथरतो. आमचा पहिला माणूस असाच थरथरला!

या विद्येचा पहिला धडा म्हणजे उसळणारा चेंडू. जमिनीवर आपटताना तो चपटा होतो, उडताना लांबट होतो. मुलांनी तो उत्तम गिरविला होता. निबंधात मुक्ताबाई सांगतात की, बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग वा महार गेला, तर त्याचे शिर कापून मैदानात चेंडूसारखे खेळत. मुलांनी शिकलेला धडा तेथे लावला. चित्रे फिरू लागली आणि मागच्या रांगेत कोणीतरी हसले. दोष त्या मुलाचा नव्हता. तो चपटा-लांबट उसळणारा आकार हसविण्यासाठीच आहे. शिकविताना हे आमच्या ध्यानी यावयास हवे होते. ते कागद आम्ही बाजूस ठेविले. आता तेथे रिकामे मैदान आहे, आणि कोपऱ्यापाशी येऊन थबकलेली एक सावली. सावली थांबते तेथे एकच चित्र ३ सेकंद, म्हणजे ७२ चौकटी, स्थिर ठेविले आहे.

छपराविना उघड्यावर होणाऱ्या बाळंतपणाचा उल्लेख मुक्ताबाईंनी केला आहे. तो प्रसंग मुलींनी मागून घेतला. त्यांनी पावसाची ४ चित्रे काढली आणि तीच पुन्हा पुन्हा फिरविली. श्रम वाचविण्याची ही जुनी युक्ती. येथे मात्र तिच्यामुळे पाऊस थांबतच नाही.

मुक्ताबाईंचा चेहरा कसा काढावा, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. अखेर चेहरा काढलाच नाही, केवळ लिहिणारा हात दाखविला. एकेक अक्षर थोडे लिहावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे, मग पुढे लिहावयाचे. त्या हातासाठी आठवीतील एक विद्यार्थिनी लेखणी धरून बसली होती. तिच्या बोटावरील शाईचा डाग चित्रात तसाच राहिला आहे.