तपासणीपूर्वीचा एक पेला

गेल्या उन्हाळ्यात रक्त तपासावयास निघालो असता वाटेत एका स्नेह्याने आग्रहाने उसाचा रस पाजला. ‘अन्न कोठे घेतले?’ अशी मनाची समजूत घालून मी तसाच रक्त देऊन आलो. आकडा १६८ आला आणि घरावर सुतकी कळा पसरली. आठवड्याने खरोखरीच उपाशीपोटी गेलो; तेव्हा ११२ निघाला.

पेयातील साखर पचावयास वेळ लागत नाही. पाव-अर्ध्या तासात ती रक्तात उतरते. निरोगी शरीरात इन्सुलिन हा चढ साधारण दोन तासांत ओसरविते. म्हणून या तपासणीपूर्वी किमान ८ तास पाण्यावाचून काही घ्यावयाचे नसते. साखरेचा घोटभर चहाही नाही. चौविहार करणाऱ्यांस हे आयतेच साधते. डेसिलिटरमागे १०० ते १२५ मिलिग्रॅम ही मधुमेहाची पूर्वावस्था, १२६ व त्यापुढे मधुमेह. मात्र डॉक्टर सहसा पुन्हा तपासून खात्री करतात.

गुळाच्या ढेपा हाताळलेल्या बोटातून घरच्या यंत्रावर थेंब घेतल्यास बोटावरील साखरही मोजली जाते. हात आधी धुवून कोरडे करावेत.

उलट, दोन दिवस गोड सोडून आकडा सजविणारेही आपल्या पेठेत आहेत. तो एका दिवसाचा गल्ला झाला. एचबीए-वन-सी ही मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची खतावणी होय, तेथे ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह. माझी ६.१ निघाली. रसाने आकडा फुगविला खरा, पण मी निर्दोष सुटलो नाही. दुकानावरचा दुपारचा सरबताचा पेला तेव्हापासून बंद आहे.