सदनिकेतील मुधोळ हाउंड

मुधोळ हाउंड, अर्थात महाराष्ट्रातील कारवानी कुत्रा, सावज डोळ्यांनी हेरून वाऱ्यासारखा धावतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. बंगळुरूच्या सदनिकेत मात्र ना सावज, ना अंगण! मग उशा फाटतात, शेजारी कुरकुरतात. दोष त्या मुक्या जिवाचा नव्हे. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत काठीला दोरीने बांधलेले फडके जमिनीलगत फिरवावे. अधूनमधून ते त्याला पकडूही द्यावे, अन्यथा उत्साह मावळतो. रस्त्यावर साखळी कधीही सोडू नये. मांजर पळताना दिसले की धन्याची हाक त्याच्या कानी पोहोचत नाही. पावसाळी संध्याकाळी घरातच खाऊचे तुकडे दडवून ठेवावेत. वासाने ते शोधतानाही तो चांगलाच दमतो.