तीन मुलं, तीन इयत्ता, एकच घर: घरशाळेचं वर्ष कसं आखायचं?

पनवेल : खारघर, नेरूळकडच्या इमारतींत ऐकू येणारा 'घरशाळा' हा शब्द आता पनवेल, उरणच्या गावांतही पोचला आहे. फी परवडत नाही, बदलीची नोकरी आहे, मुलाचं शाळेत मन लागत नाही, अशी कारणं वेगवेगळी असतात. पण घरात 6, 10 आणि 14 वर्षांची तीन मुलं असली की पहिलाच प्रश्न पडतो: एकटी आई किंवा एकटा बाप तीन इयत्ता शिकवणार कशा? शिकवता येतात. मात्र वर्ष आधी नीट आखावं लागतं, आणि आखणी मोठ्या मुलाच्या कागदपत्रांपासून सुरू करावी लागते.

आधी कागद, मग पुस्तक

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्यात लिहिलं आहे. घरशाळेसाठी या कायद्यात वेगळी तरतूद नाही. म्हणून दाखला काढण्याआधी परीक्षेचा रस्ता ठरवा.

रस्ते दोन आहेत. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. इथे वयाची 14 पूर्ण झाली की दहावीसाठी नाव घालता येतं. किमान पाच विषय घ्यावे लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दुसरा रस्ता राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा. तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा टप्प्यांवर परीक्षा देता येते. पाचवीला वय 10 पूर्ण लागतं, आठवीला 13. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या मंडळाच्या संकेतस्थळावरच बघा.

कागदाचं महत्त्व किती, ते मुंबईच्या मालविका राज जोशीच्या बाबतीत दिसलं. सातवीनंतर शाळा सोडून ती घरीच शिकली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने पदकं मिळवली आणि 2016 ला अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचं दार तिला बंदच राहिलं. आपल्या मुलांना पुढे आयटीआय, पोलीस भरती, नर्सिंग करायचं असेल तर दहावी-बारावीचा कागद हवाच.

तीन वेळापत्रकं नकोत

बहुतेक घरं इथेच दमतात. तिघांचे सगळे विषय वेगवेगळे धरले की दुपारपर्यंत आई थकते आणि महिन्याभरात शाळा बंद पडते. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळांकडे बघा. एक गुरुजी दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळतात. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग स्वतः गणितं सोडवतो. तेच घरी करायचं.

भाषा आणि गणित प्रत्येकाचं वेगळं ठेवा. विज्ञान, भूगोल, इतिहास तिघांना एकत्र. भाताच्या बांधावर आपण तूर लावतो. पाऊस एकच पडतो, ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेतो. तसंच हे.

सकाळचा एक नमुना:
- 8 ते 8.30 : सगळ्यांचं एकत्र मोठ्याने वाचन
- 8.30 ते 9.10 : धाकटीला शिकवणं, मधला गणितं सोडवतो, थोरली स्वतः वाचते
- 9.10 ते 9.50 : मधल्याला शिकवणं, धाकटी चिंचोके मोजते, चित्र काढते
- 10.15 ते 11.15 : थोरलीला शिकवणं, बाकी दोघं शुद्धलेखन करून खेळायला मोकळी
- दुपारी तासभर : तिघांचा मिळून एक विषय

बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आवृत्ती ताजी आहे का, तेवढं तपासा.

वर्ष हंगामाप्रमाणे

कायद्यात शाळेसाठी पहिली ते पाचवी 200 दिवस आणि सहावी ते आठवी 220 दिवस धरले आहेत. घरीही कॅलेंडरवर तेवढे दिवस मोजून खुणा करा. लावणीचे आठ-दहा दिवस, गणपती, दिवाळी आधीच मोकळे सोडा.

जून ते सप्टेंबर विषय पावसाचा. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज पट्टीने पाणी मोजा. धाकटी आकडा लिहील, मधला आठवड्याची सरासरी काढेल. थोरलीला विचारा, एक गुंठ्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तेव्हा उत्तर येतं साधारण 1,010 लिटर. हजार लिटरची टाकी भरून थोडं उरेल.

दिवाळीनंतर बाहेर पडा. इतिहासाचं पुस्तक आपल्या अंगणातच आहे. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव शिरढोण, 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर, जानेवारी 1984 च्या शेतकरी लढ्याचं जासई, घारापुरीची लेणी. नेरूळच्या पाणथळीवर रोहित पक्षी येतात, कर्नाळा अभयारण्यही जवळच. एका सहलीवर धाकटीने चित्र काढायचं, मधल्याने दहा ओळी लिहायच्या, थोरलीने कारणं आणि परिणाम लिहायचे. मार्चपासून मात्र थोरलीची परीक्षा पहिली, बाकीचं त्यानंतर.

थोरली मास्तरीण नव्हे

सगळ्यात मोठा धोका हा. घरात शाळा आली की थोरल्या मुलीकडे धाकटी भावंडं, पाणी, भाकरी सगळं येतं. आईबाप कामावर जातात आणि 'घरशाळा' नावाखाली तिचं शिक्षण सुटतं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलाचं काम सुटत नसेल तर शाळाच तिकडे न्यायची, हा त्यामागचा विचार. घरी तसा रोज वेळ देणारं मोठं माणूस नसेल तर घरशाळेच्या वाटेला जाऊ नका. थोरलीचे रोजचे दोन तास फक्त तिचे, त्यात कोणी हाक मारायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावा.

परतीचा रस्ता

दर महिन्याच्या शेवटी तिघांची छोटी लेखी परीक्षा घ्या आणि वह्या तारीख घालून जपून ठेवा. दोन-तीन महिने सतत मागे पडताहेत असं दिसलं तर मुलांना शाळेत परत घाला. 14 वर्षांपर्यंत वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळणं हा मुलाचा हक्क आहे. वर्ष मध्यावर आलं किंवा दाखला नाही, म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. चौदाव्या वर्षानंतर मात्र हा हक्क उरत नाही. त्यामुळे तेरा-चौदाच्या मुलाबाबत निर्णय लांबवू नका.