चोपन्न तासांचा उद्योग : अर्थ, काळ आणि सर्वनाम

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे शहर आहे. तेथे २००७ च्या जुलै महिन्यात अँड्र्यू हाइड या तरुणाने सुमारे सत्तर जणांना आठवडाअखेरीस एकत्र बोलावले आणि सोमवार उजाडण्यापूर्वी सर्वांनी मिळून एक कंपनी उभी करावी, असा प्रयोग केला. ‘स्टार्टअप वीकेंड’ या नावाने पुढे देशोदेशी जे मेळावे भरू लागले, त्यांचा उगम हा होय. सर्वांची मिळून एकच कंपनी ही मूळची योजना मात्र फार काळ टिकली नाही. तिच्या जागी लहान लहान संघांची पद्धत आली. २००९ मध्ये कारभार मार्क नेगर आणि क्लिंट नेल्सन यांच्याकडे गेला, व २०१५ मध्ये टेकस्टार्सने या मेळाव्यांची मातृसंस्था आपल्यात सामावून घेतली.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘हॅकॅथॉन’. १९९९ च्या जून महिन्यात कॅनडातील कॅलगरी येथे ओपन-बीएसडी या संगणक-प्रणालीचे मोजके रचनाकार एकत्र बसले, तेव्हा हा शब्द वापरला गेला. त्याचे शेपूट ‘मॅरेथॉन’ या शब्दातून तोडलेले आहे. मॅरेथॉन हे ग्रीसमधील एका गावाचे नाव, आणि त्या नावाचा संबंध बडीशेपेच्या ग्रीक नावाशी जोडतात. बडीशेपेच्या रानाचा अर्धा तुकडा संगणकाच्या खोलीत येऊन बसावा, हे शब्दांच्या व्यवहारात नवल नव्हे. आपल्याकडे भारत सरकारने २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’ सुरू केले, आणि पुण्या-मुंबईतही स्टार्टअप वीकेंड भरले आहेत. मराठीने ‘नवउद्योग’ हा शब्द घडवला खरा. पण बोलण्यात ‘स्टार्टअप’च राहिला, आणि तो ‘तो’ की ‘ते’ याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

मेळाव्याचा क्रम साधा आहे. शुक्रवारी सायंकाळी ज्याला कल्पना मांडावयाची असेल त्याला साठ सेकंद मिळतात. उपस्थित लोक मते देतात, पुढे आलेल्या कल्पनांभोवती संघ जमतात. संघात एखादा संगणकाचा जाणकार असतो, एखादा चित्रे व मांडणी करणारा, एखादा हिशेब समजणारा. बहुतेक जण एकमेकांना त्या दिवशीच प्रथम भेटलेले. शनिवारी संभाव्य ग्राहकांना गाठून विचारपूस करावयाची, सोबत नमुना घडवावयाचा आणि रविवारी सायंकाळी काही मिनिटांत परीक्षकांपुढे तो मांडावयाचा. परीक्षक व्यवसायाची योजना, ग्राहकांकडून झालेली पारख आणि नमुन्याची घडण यांकडे पाहतात.

चोपन्न तासांत यंत्र म्हणावे असे फारच थोडे तयार होते. तयार होते ते एक विधान : अमुक लोकांची अमुक अडचण आहे आणि ती अमुक उपायाने दूर होईल. या विधानाचा तीन दिवसांतील प्रवास मराठी व्याकरणाच्या परिभाषेत फार नेमका सांगता येतो. शुक्रवारचे विधान संकेतार्थी असते. ‘असे झाले तर तसे होईल’ ही त्याची घडण. शनिवारी त्याला स्वार्थातील, तेही भूतकाळातील क्रियापदांचा आधार मिळाला पाहिजे. मेळाव्याचे यशापयश बव्हंशी या एका संक्रमणावर अवलंबून असते, आणि तेथेच बहुतेक संघ घसरतात.

पुण्यातील एखादा संघ रिक्षा मिळवून देणारे ॲप काढू पाहतो, असे समजू. व्यासपीठावर त्याची भाषा बहुधा इंग्रजी असते. रस्त्यावर मात्र त्याला मराठीतच विचारावे लागते. तो एखाद्या गृहस्थाला विचारतो, “अशी सोय निघाली तर तुम्ही वापराल का?” उत्तर येते, “हो, वापरू की!” संघ वहीत एक होकार नोंदवतो. वास्तविक या उत्तरात होकार अत्यल्प आहे. ‘वापरू’ या रूपात ‘मी वापरीन’ या एकवचनी रूपाची जबाबदारी नाही, आणि ‘की’ हे अव्यय समोरच्याचे मन राखण्यासाठी आलेले आहे. शिवाय प्रश्न स्वतःच संकेतार्थी असल्याने उत्तर देणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. पाहुण्याला ‘या एकदा घरी’ म्हणतात, त्या निमंत्रणाइतकेच या होकाराचे मोल.

त्याच गृहस्थाला “मागच्या खेपेस रिक्षा मिळाली नाही तेव्हा तुम्ही काय केलेत?” असे विचारले, तर उत्तराचा पोत पालटतो. “चालत गेलो,” किंवा “मुलाला फोन केला, तो गाडी घेऊन आला,” किंवा “मला मिळते रिक्षा, कोपऱ्यावरच तळ आहे.” या तिसऱ्या उत्तराने संघाची कल्पना कोसळू शकते, पण माहिती म्हणून ते दहा ‘वापरू की’पेक्षा मोलाचे आहे. रॉब फिट्झपॅट्रिक यांनी २०१३ च्या ‘द मॉम टेस्ट’ या छोट्या पुस्तकात हेच तत्त्व मांडले आहे : भविष्याविषयी मत विचारू नये, घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात. मत विचारले तर आईसुद्धा खरे सांगत नाही, आणि तेही मायेपोटी.

विधान मोडू देण्याची तयारी किती फलदायी ठरते, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये सापडते. २०११ साली रिओ येथील मेळाव्यास टालिस गोमेस हा तरुण बसगाड्यांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या ॲपची कल्पना घेऊन आला होता. ती सोडून त्याने टॅक्सी बोलावण्याची कल्पना धरली. तिच्यातून ‘ईझी टॅक्सी’ ही कंपनी निघाली आणि ती अनेक देशांत पोहोचली. बहुतेक संघांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. सोमवारी ते पांगतात.

रविवारी दुसरा धोका उभा राहतो, तो वर्तमानकाळाचा. “आमचे ॲप दोन मिनिटांत रिक्षा आणून देते,” असे वक्ता सांगतो. पडद्यावर असतात ती केवळ चित्रे. रिक्षा कोठेच आलेली नसते. मराठीत वर्तमानकाळ नजीकच्या भविष्यासाठी सर्रास वापरतात, ‘उद्या येतो’ असे म्हणतातच. त्यामुळे वक्त्याला आपण असत्य बोललो असे वाटतही नाही. जाणता परीक्षक अशा वेळी एवढेच विचारतो, “आजवर किती जणांना आणून दिली?”

अखेरचा प्रश्न सर्वनामाचा आहे. शुक्रवारी ‘मी’ म्हणणारा शनिवारी संघात ‘आपण’ म्हणू लागतो आणि रविवारी परीक्षकांपुढे ‘आम्ही’. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द पुरतो, म्हणून तेथे ही गुंतागुंत झाकली जाते. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ वेगळे आहेत. बक्षीस मिळाल्यानंतर कल्पना मांडणारा आणि त्याचा एक मित्र यांचे ‘आम्ही’ निराळे होते, आणि दोन रात्री जागून आज्ञावली लिहिणारी विद्यार्थिनी कालच्या ‘आपण’मध्ये मागे राहते. कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. स्वामित्वाधिकार कल्पनेवर नसतो, तिच्या अभिव्यक्तीवर असतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या न्यायाने तिने लिहिलेली आज्ञावली ही अभिव्यक्ती ठरते, साठ सेकंदांत बोलून दाखवलेली कल्पना ठरत नाही. तरीही पुढच्या कंपनीत कोणाचा किती वाटा, हे आज्ञावलीवरून ठरत नाही. ते संघाने आपसांत ठरवावे लागते. ते कागदावर उतरवण्याची योग्य वेळ शनिवार सकाळची, कारण तेव्हा वाटून घेण्यासारखे काहीच नसते आणि सगळेच ‘आपण’ म्हणत असतात.