प्लंबर बापाची भूमिका आणि दोन एमी

लिव्हरपूलनजीकच्या किर्कबी या कामगारवस्तीच्या गावात १९७३ मध्ये जन्मलेले स्टीफन ग्रॅहम यांना ‘धिस इज इंग्लंड’ (२००६) या चित्रपटाने ख्याती दिली. पुढे दूरचित्रवाणीवर अल कपोनसारखे गुंडच त्यांच्या वाट्याला अधिक आले. ‘ॲडोलसन्स’ (२०२५) या मालिकेचे लेखन मात्र त्यांनी जॅक थॉर्न यांच्यासह स्वतः केले आणि भूमिका साकारली ती प्लंबर बापाची. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप आहे; बाप कष्टाळू, मायाळू. दोष कोणाच्या माथी मारावा, हा प्रश्न त्यामुळेच अधिक बोचतो. चारही भाग प्रत्येकी एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाले. अभिनय आणि लेखन, दोन्हींसाठी ग्रॅहम यांना सप्टेंबर २०२५ मध्ये एमी मिळाले. तत्पूर्वीच ब्रिटनमधील माध्यमिक शाळांना ही मालिका विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली होती.